वाफा नसलेला पंच

माझ्या भावाला सगळी वस्ती 'शिट्टी' म्हणते. तोंडावर 'पंचसाहेब', पाठ वळली की शिट्टी. मी सख्खी बहीण असून मलाही कधीकधी तेच तोंडात येतं, मग जीभ चावते. दादा टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करायचा, पण ती आपली पोटापाण्याची नोकरी. त्याचा खरा जीव रविवारच्या फुटबॉलमध्ये. खेळण्यात नव्हे हां, खेळणाऱ्यांना बाहेर काढण्यात! गुडघ्यानं दगा दिला तेव्हा मैदान सुटलं, पण शिट्टी गळ्यातून उतरली नाही, आणि पिवळं नि लाल अशी दोन कार्डं शर्टाच्या वरच्या खिशात राहिली ती राहिलीच. धुवायला टाकताना वहिनी आधी खिसा चाचपते.

आता अशा माणसाबरोबर एका इमारतीत राहायचं म्हणजे काय, ते मला विचारा. मी वरच्या मजल्यावर, तो खालच्या. माझा नवरा एकदा त्यांच्याकडे जेवता जेवता पेपर वाचत बसला, तर दादानं ताटासमोर पिवळं कार्ड धरलं. नवरा हसला. हसल्याबद्दल दुसरं. दोन पिवळी म्हणजे एक लाल, म्हणून बिचारा उरलेलं जेवण ताट घेऊन जिन्यात बसून जेवला. नवरा कारणं सांगायला लागला, तेव्हा दादाचं ठरलेलं वाक्य आलं, "कारण नंतर, कार्ड आधी." नंतर म्हणजे कधी, ते आजपर्यंत कोणाला कळलेलं नाही.

फक्त वहिनीला त्यानं कधी कार्ड दाखवलं नाही. लग्न ठरलं तेव्हाच तिनं सांगून ठेवलं होतं, "घरात माझ्यावर शिट्टी वाजली तर मी माहेरी." आणि माहेरी जाणं तिला सोपं नव्हतं, कारण माहेर चिडलं होतं तेच मुळी दादामुळे.

झालं होतं असं. दोन वस्त्यांची फायनल, दादा पंच, आणि वहिनीचा थोरला भाऊ एका संघाचा गोलकीपर. त्यानं समोरच्याचा शर्ट ओढला आणि दादानं लाल कार्ड काढलं. वहिनी तेव्हा कॉलेजात. ती तरातरा मैदानात उतरली आणि म्हणाली, "तुम्हाला डोळे आहेत का?" दादा म्हणाला, "आहेत. तुम्ही रेषेच्या आत आला आहात, ते दिसतंय. मागे व्हा." ती मागे झाली. पुढे तिच्या वडिलांनी, ते मोठं प्रस्थ, निरोपावर निरोप धाडले की अहवालातून पोराचं नाव काढा. दादानं काढलं नाही. भाऊ वर्षभर खेळातून बाद! घरात नुसता शिमगा. वहिनीनं मला पुढे सांगितलं होतं, "अगं, आमच्या घरी सगळे बाबांपुढे वाकायचे. आई, काका, दुकानातली माणसं, मीसुद्धा. हा कोण पठ्ठ्या वाकत नाही, म्हटलं जाऊन बघावं तरी." बघायला गेली ती लग्न करूनच थांबली. भाऊ लग्नाला आला नाही. वहिनीनं त्याचा फोटो मात्र दिवाणखान्यात लावला, गोलकीपरच्या हातमोज्यांसकट.

तर ही दोघं. आता बागेकडे येते.

आमच्या इमारतींच्या मागे एक मोकळी जागा आहे. पूर्वी तिथे मोडकी कपाटं आणि फुटके कमोड पडलेले असायचे. वस्तीतल्या लोकांनी ती साफ केली, तारेचं कुंपण घातलं, वाफे पाडले, आणि हौशीनं परसबाग मंडळ काढलं. एक वाफा एका सभासदाचा. माझाही आहे, गाजरांचा. मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावते, संध्याकाळी गाजरांशी बोलते. ती निदान उलट उत्तर देत नाहीत. सगळ्यांमध्ये मिळून पाण्याची एकच टाकी. उन्हाळ्यात ती तळ गाठते, म्हणून वाफ्याला दिवसाला दोन झाऱ्या, थेंबभर जास्त नाही. रबरी नळी तर अजिबात नाही. सगळं फाटकावरच्या पाटीवर रंगवलेलं आहे.

नियम सभासद पाळायचे. मोडायचे ते पदाधिकारी. दातांचे डॉक्टर सेक्रेटरी होते, ते सरळ नळी लावायचे. बेकरीवाला खजिनदार होता, तो आपली हातगाडी दुसऱ्यांच्या वाफ्यांमधून न्यायचा. लोकांनी ओरडा केला तेव्हा चौकशी समिती नेमली गेली. दातवाल्यांची चौकशी बेकरीवाल्यानं केली, बेकरीवाल्याची दातवाल्यांनी. दोघंही निर्दोष ठरले, आणि वर चौकशी निष्पक्ष झाल्याबद्दल दोघांचं अभिनंदन करणारा ठराव पास झाला. हसू नका, मीपण हात वर केला होता. चहा यायचा होता हो, सभा लांबली असती.

वहिनीचं डोकं फिरलं ते तिथे. पुढच्या निवडणुकीत ती उभी राहिली, अध्यक्ष झाली, आणि पहिल्याच सभेत तिनं नवा नियम मांडला. सभासदाची चूक झाली तर आधी समज. पदाधिकाऱ्यानं उन्हाळ्यात जास्तीचं पाणी घेतलं तर थेट पद जाणार आणि पावसाळ्यापर्यंत फाटकाच्या बाहेर. वाफ्याला पाणी घालायचं ते त्याच्या घरच्यानं. आणि निवाडा करणार तो माणूस, ज्याच्या हाती बागेत वाफाच नाही.

"असा कोण आहे?" दातवाल्यांनी विचारलं.

सगळ्यांनी माना वळवल्या. शेवटच्या रांगेत दादा बसला होता, बायकोची पिशवी मांडीवर घेऊन. अख्ख्या वस्तीत बागेचा तिटकारा असलेला तो एकटाच. त्याला पालक आणि मुळ्याचा पाला यातला फरक कळत नाही. माती म्हटलं की त्याला फुटबॉलचंच मैदान आठवतं. तो उठला, खिसा चाचपला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ना, ते मी त्याच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

मग काय विचारता! फाटकाची कडी न लावता गेले म्हणून दातवाल्यांना पिवळं कार्ड. ते बिचारे पेशंटच्या दाढेपासून सुरुवात करून मुळापर्यंत समजावत राहिले. दादा घड्याळ बघत उभा. "झालं? कार्ड तेच." गेल्या उन्हाळ्यात बेकरीवाल्यानं एक झारी जास्त घेतली. दादानं भर दुपारी शिट्टी वाजवून लाल कार्ड काढलं. एवढा मोठा मिशाळ माणूस, हातच जोडले त्यानं. "पंचसाहेब, माझं जरा ऐका तरी..." "कारण नंतर." खजिनदारपद गेलं. उरलेला उन्हाळा तो कुंपणाबाहेर उभा राहून आपल्या भोपळ्यांकडे बघायचा, आणि आत त्याचा मेहुणा चुकीच्या जागी पाणी ओतायचा. मला वाईट वाटायचं. पण खरं सांगते, तेव्हापासून नळी कोणी लावली नाही.

यंदा टाकी लवकरच आटायला लागली. त्यातच आमचे औषधवाले आजोबा घरात घसरून पडले आणि खुबा मोडून अंथरुणाला खिळले. त्यांच्या वाफ्यात एकच झाड, आलुबुखाराचं, आजी गेल्या त्या वर्षी लावलेलं. मुलगा परगावी, आणि दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी सभेच्या मंजुरीशिवाय भरता येत नाही. पाणी कोण घालणार? सभेत विषय काढला असता तर एका मिनिटात मंजुरी मिळाली असती. पण विषय काढायचा म्हणजे आधी सेक्रेटरीला सांगायला हवं, आणि वहिनीनं दातवाल्यांशी अबोला धरला होता, कारण त्यांनी तिच्या कवळीला 'किरकोळ काम' म्हटलं होतं. वहिनीचा ताठा तुम्हाला माहीत नाही. तोंडातली कवळी बोचत होती, पण दुसरीकडे जाऊन बसवून आली.

आणि एका सकाळी दातवाले लवकर उठून बागेत आले, तर अध्यक्षबाई टाकीवर तिसरी झारी भरत होत्या.

त्यांना काय आनंद झाला! पळतच आमच्या इमारतीत आले आणि दादाला पायरीवरच गाठलं. "पंचसाहेब, तक्रार आहे. पदाधिकारी आहे. पाणी आहे." दादानं विचारलं, "कोण?" त्यांनी नाव सांगितलं नाही, नुसती मान वळवून दादाच्याच दाराकडे पाहिलं. तेवढ्यात मागून वहिनी येऊन दाराशी उभी राहिली, हातात रिकामी झारी. ती म्हणाली, "बरोबर आहे. रविवारी सभेत बघा काय ते." आणि आत जाऊन चहा ठेवला.

त्या आठवड्यात त्या घरात काय चाललं होतं, देव जाणे. भांडण नाही, आवाज नाही. मी दोनदा साखर मागायच्या निमित्तानं जाऊन आले. वहिनी भाजी निवडत होती, दादा समोर बसून लाल कार्ड रुमालानं पुसत होता. पुसून पुसून त्याचा रंग जाईल अशी मला भीती. शनिवारी तो माझ्या दुकानात आला, अक्षरांच्या तक्त्यासमोरच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "तुला काय वाटतं?"

जन्मात दादानं कोणाला 'तुला काय वाटतं' असं विचारलं नव्हतं. आमच्या वडिलांनासुद्धा नाही.

"अरे, बागेचा जीव आहे तिचा," मी म्हटलं. "पावसाळ्यापर्यंत बाहेर ठेवलंस तर वेडी होईल ती."

"ते मलाही माहीत आहे," तो म्हणाला. "सकाळी उठली की आधी खिडकीतून टोमॅटो बघते, मग मला."

"मग?"

त्यानं तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचली, एकही चूक न करता, आणि निघून गेला.

रविवारी तळमजल्यावरच्या गाड्या बाहेर काढून खुर्च्या मांडल्या. एरवी सभेला डझनभर माणसं येत नाहीत, त्या दिवशी मागे उभं राहायला जागा नव्हती. एरवी सभेकडे न फिरकणारे कशाला आले होते, कोण जाणे. दातवाल्यांनी घसा साफ करून तक्रार वाचली. वहिनी पहिल्या रांगेत ताठ बसलेली, नवी साडी नेसून. मी तिच्या शेजारी.

दादा उठला. हात खिशाकडे गेला. आणि तिथेच राहिला.

"अध्यक्षबाई," तो म्हणाला, आणि खाकरला. "या कृत्यामागे... काही कारण होतं का?"

अख्खी सभा गार! माझ्यामागे बसलेल्या कोणाच्या तरी हातून कप पडला. कारण? शिट्टी कारण विचारतोय?

वहिनी काही बोलायच्या आत लोकच बोलायला लागले. "आजोबांच्या झाडासाठी हो, मी पाहिलंय तिला!" "पुण्याचं काम केलं!" "आलुबुखार वाचला तो तिच्यामुळे!" दातवाल्यांच्या बायकोनंच टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनी वाजवल्या. मीपण वाजवल्या, जोरात. सुटलो बाई एकदाचे, असं झालं मला. दादाचा चेहरा उजळला. हात खिशापासून खाली आला.

"तर परिस्थिती लक्षात घेता," तो म्हणाला, "या खेपेला फक्त समज..."

"थांबा," वहिनी म्हणाली.

ती उठली आणि दादाकडे बघितलंच नाही तिनं. मागे वळून बेकरीवाल्याला शोधलं. तो खांबाला टेकून उभा होता.

"भाऊ, गेल्या वर्षी तुम्ही काहीतरी सांगत होतात. ह्यांनी ऐकून घेतलं नाही. काय सांगायचं होतं?"

बेकरीवाला कावराबावरा झाला. "जाऊ दे ना वहिनी."

"सांगा."

"काही नाही हो. भोपळा सुकत होता."

लोक हसले. वहिनी हसली नाही.

"माझेही टोमॅटो सुकत होते," ती म्हणाली. "आजोबांच्या झाडाला मी अर्धीच झारी घातली. उरलेली अर्धी टोमॅटोंना. रोज."

टाळ्या वाजवणारे हात कुठे ठेवावेत ते कोणाला कळेना. दातवाल्यांचं तोंड उघडं ते उघडंच. आतल्या सोन्याच्या दाढा मोजून घ्याव्यात. मी वहिनीची साडी खाली ओढत होते, "बस गं, बस," पण ती कुठली बसतेय! ती सरळ दादापुढे गेली, आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या खिशात हात घातला. लाल कार्ड बाहेर काढलं आणि स्वतःच्या डोक्यावर धरलं, जसं तो धरतो तसंच, कोपर ताठ.

मग हळूच म्हणाली. पण पहिल्या रांगेत मी होते, मला ऐकू आलं. "माझे बाबा एवढे निरोप धाडत होते तेव्हा वाकला नाहीत. आणि आज वाकलात? तेही माझ्यासाठी? अहो, मग मी कोणाशी लग्न केलं?"

दादा लाल झाला, मग पांढरा. तीस-पस्तीस वर्षं ज्यानं लोकांना बाहेर काढलं, त्याला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं असणार. मला तर रडूच आलं. वहिनीनं कार्ड त्याच्या हातात दिलं. त्यानं ते घेतलं, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि गळ्यातली शिट्टी ओठांना लावून अशी वाजवली की मागच्या इमारतीतल्या लोकांनी खिडक्या उघडल्या.

"अध्यक्ष बाहेर," तो म्हणाला. आवाज फुटला होता त्याचा. "पावसाळ्यापर्यंत."

वहिनी म्हणाली, "आत्ता कसं!" आणि फाटकाची किल्ली टेबलावर ठेवली.

सभा संपली असं वाटून लोक उठायला लागले, तेवढ्यात दातवाले म्हणाले, "मग वहिनींच्या वाफ्याला पाणी कोण घालणार? घरचाच माणूस लागतो." घरात माणूस एकच. दादा म्हणाला, "मी घालीन." त्यावर दातवाल्यांच्या डोळ्यांत पुन्हा चमक आली. "म्हणजे वाफा तुमच्या हातात आला! मग तुम्हाला पंच राहता येणार नाही. नियम आहे."

खरंच होता नियम. दादानं गळ्यातली शिट्टी काढली आणि दोन्ही कार्डांसकट टेबलावर किल्लीशेजारी ठेवली. तो इतका ओकाबोका दिसायला लागला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"मग आता वाफा नसलेलं कोण उरलं?" कोणीतरी विचारलं.

खांबाला टेकलेला बेकरीवाला सरळ झाला. "वहिनी," तो म्हणाला. "त्यांचा वाफा तर आत्ताच गेला. आणि जी बाई स्वतःला कार्ड दाखवते, तिच्या निवाड्याला मी तरी कधी नाही म्हणणार नाही."

दातवाल्यांनी हरकत घेतली. काढून टाकलेला पदाधिकारी पंच कसा? सगळे उठून फाटकावरच्या पाटीपाशी गेले, आणि मी चष्म्याच्या दुकानातली म्हणून वाचायचं काम माझ्यावर आलं. पाटीवर एवढंच होतं, ज्याच्या हाती वाफा नाही तो. हात वर झाले. दातवाल्यांचासुद्धा, कारण त्यांच्या बायकोनं त्यांचा कोपर खालून ढकलला. औषधवाल्या आजोबांच्या झाडाला रोज एक झारी, हेही त्याच सभेत मंजूर झालं, आणि खरंच एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

आता रोज संध्याकाळी आमच्याकडे जो तमाशा होतो, तो बघायला माणसं खिडकीत येऊन बसतात. कुंपणाबाहेर वहिनी स्टुलावर, गळ्यात शिट्टी. आत दादा, पॅंट दुमडून, हातात झारी. काल तर कहरच झाला. त्याला तण काढायला सांगितलं होतं, आणि हा शहाणा तिचा वाफा सोडून शेजारी माझ्या वाफ्यात वाकून पसापसा गाजरं उपटत होता. मी ओरडणार तेवढ्यात शिट्टी वाजली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वहिनीनं त्याच्यावर वाजवलेली ती पहिली शिट्टी. वहिनी स्टुलावरून उठली होती आणि तारेवरून हात उंच करून पिवळं कार्ड धरलं होतं.

दादा दोन्ही हातांत माझी गाजरं घेऊन उभा राहिला. "अगं, माझं ऐक तरी, त्याचं काय झालं..."

"कारण नंतर," वहिनी म्हणाली.

दादानं गाजरं खाली ठेवली. आणि सांगते तुम्हाला, त्या सभेनंतर पहिल्यांदाच तो मला हसताना दिसला.